अफवेला मोकळीक, उत्तराला मज्जाव

लोणावळ्यांत आमच्या वसाहतीचा एक व्हॉट्सॲप गट आहे. सभासद दोनशेंच्या वर. त्यांत डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत, बँकेंतून निवृत्त झालेले अधिकारी आहेत, माझे दोन जुने विद्यार्थी आहेत, आणि वर्गांत बोलण्याचाच पगार आजवर घेत आलेला मीहि आहें. नळाला पाणी केव्हां येणार, घाटांत वाहतूक कोठें तुंबली, कोणाची मांजर हरवली, असल्या वार्तांची तेथें रात्रंदिवस देवघेव चालते, आणि तिचा उपयोग होतो हें मी नाकारीत नाहीं. गेल्या पावसाळ्यांत एके सकाळीं या गटावर एक छायाचित्र आलें. आमच्या वसाहतींत पांच घरीं स्वयंपाक करणाऱ्या एका बाईच्या पिशवींतून पडलेलें तें औषधोपचाराचें कार्ड होतें. तिचें नांव त्यावर स्पष्ट वाचतां येत होतें. खालीं एकच ओळ होती: हिला एड्स आहे, हिच्या हातचें जेवण मुलांना द्यावें काय?

सायंकाळपर्यंत तीन घरांनीं तिला उद्यांपासून येऊं नको म्हणून सांगितलें. गटावर हात जोडल्याचीं आणि डोळे विस्फारल्याचीं चिन्हें उमटत राहिलीं. एका गृहस्थांनीं भांडीं बदलून टाकण्याचा सल्ला दिला. डॉक्टरांपैकीं कोणीहि एक अक्षर लिहिलें नाहीं. मीहि लिहिलें नाहीं. हा वैद्यकाचा विषय, आपण वाङ्मय शिकविणारे, जाणते लोक लिहितील, अशी माझी सबब होती. आणि ती सबब आहे हें मला त्याच वेळीं ठाऊक होतें. दुसऱ्या दिवशीं रात्रीं मीं चार वाक्यें लिहिलीं. हा विषाणु अन्नांतून, भांड्यांतून, स्पर्शानें किंवा डासानें पसरत नाहीं. तो असुरक्षित शरीरसंबंधानें, दूषित रक्तानें वा सुईनें, आणि उपचार न घेतलेल्या मातेपासून बाळाला लागतो. ही बाई औषध घेत आहे, म्हणजे तिनें शहाणपणाचेंच केलें आहे. कोणाचें कार्ड असें चव्हाट्यावर मांडणें अन्यायाचें आणि कायद्याविरुद्ध आहे, तरी चित्र काढून टाकावें.

दहा मिनिटांत माझा मजकूर पुसला गेला. गटचालकांचा मला स्वतंत्र निरोप आला. निरोप अत्यंत विनयाचा होता. "सर, आपल्याविषयीं आम्हां सर्वांस आदर आहे, पण गटांत महिला आहेत, मुलें आहेत. शरीरसंबंध वगैरे शब्द येथें नकोत." छायाचित्र मात्र जेथल्या तेथें राहिलें.

माझें सारें म्हणणें या एका प्रसंगांत आलेंच आहे. बाईच्या नांवासह तिच्या रोगाचा डांगोरा पिटणें आमच्या सभ्यतेस खुपलें नाहीं. तो रोग कसा होतो आणि कसा होत नाहीं हें सांगणें मात्र खुपलें. ज्यानें खोटें पसरविलें तो मोकळा, आणि जो खुलासा करावयास गेला तो अश्लील! चोर सोडून संन्याशाला फांशी म्हणतात तें याहून निराळें काय असतें? मोबाईलमुळें समाज बिघडला असें आपण उठतां बसतां म्हणतों. माझें म्हणणें असें कीं, या यंत्राचा दोष असेल तेवढा असो; एचआयव्हीच्या बाबतींत तें अज्ञानाच्या हातीं गेलें याचें मोठें कारण आपल्या सुशिक्षित घरांचा सोवळेपणा हें आहे.

उत्तर देणाऱ्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करण्याची चाल महाराष्ट्रांत आजची नव्हे. रघुनाथ धोंडो कर्वे हे मुंबईच्या विल्सन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारापायीं त्यांना ती नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्यें त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलें आणि १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत जवळजवळ एकट्याच्या बळावर चालविलें. अश्लीलतेबद्दल त्यांच्यावर १९३१ सालीं खटला झाला, आणि पुन्हां १९३४ सालीं झाला. या दुसऱ्या खटल्याचें कारण विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. वाचकांनीं पत्रानें विचारलेल्या लैंगिक शंकांना मासिकांतून दिलेलीं उत्तरें, हाच तो गुन्हा! डॉ. बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरीहि निकाल विरुद्ध गेला आणि दोनशें रुपये दंड झाला. आज आपण कर्व्यांचें स्मरण मोठ्या अभिमानानें करतों. त्यांच्यावर नाटकें आलीं, चित्रपट आला, आणि तीं पाहून आपण पुरोगामी झाल्याच्या समाधानांत घरीं परततों. आणि घरीं येऊन गटावरील उत्तर पुसून टाकतों. कर्व्यांना दंड करणारा निदान परक्या सरकारचा मॅजिस्ट्रेट होता. आमच्या गटावर तें काम आम्हीच बिनपगारी करतों.

शाळेचें काय म्हणाल, तर तेथेंहि तोच न्याय. एड्सपासून मुलांचें रक्षण व्हावें हा ज्यांतील एक उद्देश होता, तो किशोरवयीन मुलांच्या शिक्षणाचा कार्यक्रम २००७ सालीं आपल्या महाराष्ट्रासह कित्येक राज्यांनीं संस्कृतीच्या नांवाखालीं बंद पाडला. त्या वर्षीं नववींत असलेलीं मुलें आज तिशी ओलांडून गेलीं आहेत. त्यांचीं मुलें शाळेंत जात आहेत. त्या पिढीनें हें ज्ञान कोठून मिळविलें, असा प्रश्न कोणी विचारला काय? २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत असें दिसून आलें कीं, एचआयव्हीसंबंधीं पुरतें आणि बिनचूक ज्ञान असलेल्या स्त्रिया देशांत शेंकडा सुमारें २२ आणि पुरुष शेंकडा सुमारें ३१ आहेत. म्हणजे शंभरांतील सत्तरांहून अधिक माणसें अर्धवट किंवा चुकीच्या समजुतीवर चाललीं आहेत. आणि २०२१ च्या सरकारी अंदाजाप्रमाणें या विषाणूसह जगणारीं माणसें देशांत सुमारें चोवीस लाख होतीं, त्यांपैकीं सर्वांत अधिक, सुमारें तीन लाख चौऱ्याण्णव हजार, एकट्या महाराष्ट्रांत होतीं. हा दूरच्या आफ्रिकेचा प्रश्न आहे असें समजणाऱ्यांनीं हे आंकडे पुन्हां एकदां वाचावेत.

आतां कोणी म्हणेल, मग मोबाईलपासून दूरच राहावें. थंड पेयांत कोणी रक्त मिसळलें, चित्रपटगृहाच्या खुर्चींत सुया खोंवल्या, असल्या भाकडकथा त्यावरूनच पसरतात ना? पसरतात, हें खरें. जुलै २०१८ मध्यें धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें मुलें पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पांच निरपराध माणसांना जमावानें ठेंचून मारलें, हेंहि आपण विसरूं नये. पण अफवेला मोबाईल लागतोच असें थोडेंच आहे? १८९६ च्या ऑक्टोबरांत, प्लेगाच्या दिवसांत, मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर सुमारें हजार गिरणीकामगार चालून गेले. तेथें नेलेला रोगी जाणूनबुजून मारला जातो अशी वदंता त्यामागें होती. त्या काळीं कोणाच्या खिशांत यंत्र होतें? अफवा वाढते ती प्रश्नाला वेळेवर आणि विश्वासाचें उत्तर मिळत नाहीं म्हणून. थंड पेयांतून हा विषाणु लागत नाहीं, शरीराबाहेर त्याचा टिकाव लागत नाहीं, हें एका ओळींत सांगतां येतें. ती एक ओळ सांगणारा डॉक्टर गटावर असूनहि गप्प बसतो, तेव्हां अफवेचा प्रसार तोहि करीत असतो.

आणि आमच्या मावळाची स्थिति तर अशी आहे कीं, येथें मोबाईल टाळून या प्रश्नाला हातच घालतां येणार नाहीं. जुना हमरस्ता, द्रुतगति मार्ग आणि लोहमार्ग हे तिन्ही या एका तालुक्यांतून जातात. तळेगांवच्या कारखान्यांत परप्रांतांतून आलेले तरुण आहेत. लोणावळ्याच्या हॉटेलांत, चिक्कीच्या दुकानांत आणि पवनेच्या कांठच्या बंगल्यांत राबणारीं मुलें आपल्या आईबापांपासून शेंकडों कोस दूर आहेत. घाट चढून आलेला ट्रकवाला रात्रीपुरता थांबतो आणि पहाटे पुढें जातो. यांना दवंडी पिटून जमवावें असें एक गांव नाहीं, एक पार नाहीं, एक शाळा नाहीं. यांचा गुरु, वैद्य आणि सोबती सर्व कांहीं तो खिशांतला मोबाईलच. उलट, जो येथला रहिवासी आहे त्याची अडचण निराळी. वडगांव काय, कामशेत काय, लोणावळें काय, गांवें लहान. सरकारी दवाखान्याच्या कोणत्या खिडकीपुढें कोण उभा होता हें सायंकाळपर्यंत बाजारभर होतें. अशा ठिकाणीं मनांतली शंका प्रथम एकांतांत, आपलें तोंड न दाखवितां विचारतां येणें, ही सोय क्षुल्लक नव्हे. १०९७ या क्रमांकावर कोणासहि फुकट फोन करून हें विचारतां येतें. माझ्या वर्गांतील मुलांना मीं एकदां हा क्रमांक विचारला. मुलें पदवीच्या अखेरच्या वर्षाचीं होतीं. एकालाहि तो सांगतां आला नाहीं. आणि मला तरी तो त्यापूर्वीं महिनाभरच ठाऊक झालेला होता.

येथपर्यंत मीं आपल्या वर्गाला दोष दिला. आतां आरोग्यखात्यांतील आणि सेवाभावी संस्थांतील मंडळींनाहि दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. त्यांचा सोवळेपणा कमी आहे हें खरें, पण त्यांचा प्रचार बहुधा उंटावरून शेळ्या हांकण्याचा असतो. एक डिसेंबर उजाडला कीं लाल फितीचें चित्र, खालीं मंत्र्यांची छबी, आणि 'जनजागृति' हा शब्द. तें किती जणांनीं पाहिलें याची संख्या अहवालांत गेली कीं काम संपलें! मजकुराची भाषा पाहावी तर 'विषाणुभार', 'जोखमीचे वर्तन', 'समुपदेशन व चांचणी केंद्र'. ही मराठी नव्हे. ही इंग्रजीवर घातलेली धोतरटोपी आहे. ट्रकवाल्याला, किंवा त्याच्या बायकोला, यांतून काय कळणार? रोज एक गोळी वेळच्या वेळीं घ्या. रक्तांत विषाणु सांपडेनासा झाला आणि औषध चालू राहिलें कीं शरीरसंबंधांतून तो जोडीदाराला लागत नाहीं. एवढें वाक्य पुरेसें आहे. आणि हें सांत्वन म्हणून सांगितलेलें नाहीं. युरोपांतील १४ देशांत केलेल्या आणि २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, ज्यांतील एकजण बाधित पण औषधानें विषाणु दबलेला आणि दुसरा निरोगी, अशा ८८८ जोडप्यांचा हिशेब घेतला गेला; निरोध न वापरतां संबंध येऊनहि बाधित जोडीदाराकडून दुसऱ्याला संसर्ग झाल्याचें एकहि उदाहरण सांपडलें नाहीं. आपल्या देशांत हें औषध सरकारी केंद्रांतून १ एप्रिल २००४ पासून फुकट मिळूं लागलें, आणि २०१७ पासून तपासणींत बाधा ठरतांच, प्रकृति बिघडण्याची वाट न पाहतां, तें सुरू करण्याचें धोरण आलें. पूर्वीं या रोगाची बातमी म्हणजे मृत्यूचा निरोप होता. आतां ती नियमानें औषध घेण्याची सूचना आहे. इतकी मोठी बातमी, आणि ती मराठी घरांत अजून पोंचलेलीच नाहीं! पोंचली असती तर आमच्या वसाहतींतील त्या कार्डाचा अर्थ 'धोका' असा न लागतां 'काळजी घेणारी बाई' असा लागला असता.

प्रचार दवंडीसारखा असावा कीं कानगोष्टीसारखा, याविषयीं दोन प्रयोगांचा दाखला बोलका आहे. केनियांत औषध घेणाऱ्या रुग्णांच्या मोबाईलवर दर आठवड्याला 'मांबो?' एवढाच शब्द जाई. तेथल्या भाषेंत त्याचा अर्थ 'कसें काय?' असा होतो. रुग्णानें दोन दिवसांत 'ठीक' किंवा 'अडचण आहे' असें कळवावयाचें, आणि अडचण असेल किंवा उत्तरच आलें नाहीं तर दवाखान्यांतील माणूस फोन करी. २०१० सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: असा निरोप जाणाऱ्यांपैकीं शेंकडा ६२ जण औषध नियमानें घेत होते, न जाणाऱ्यांपैकीं शेंकडा ५०. पुढें दक्षिण भारतांत सहाशेंहून अधिक रुग्णांवर असाच प्रयोग झाला. त्यांत यंत्रानें केलेला आठवड्याचा फोन आणि चित्रांचा निरोप होता. २०१४ सालीं त्याचा निष्कर्ष आला, तो असा कीं कांहींहि फरक पडला नाहीं. दोन्ही देश निराळे, दोन्ही प्रयोगांची मांडणी निराळी. त्यांवरून सिद्धांत बांधण्याची घाई मी करणार नाहीं. तरीहि एक गोष्ट नजरेंत भरते. केनियांतील निरोपामागें विचारपूस करणारें माणूस होतें, आणि त्या शब्दांत रोगाचें नांव नव्हतें. दुसऱ्या कोणी तो वाचला तरी रुग्णाचें गुपित फुटत नव्हतें.

या गुपिताच्या मुद्द्यावर आक्षेप घेणारांशीं माझें भांडण नाहीं. तो आक्षेप मला शिरोधार्य आहे. आपल्याकडे एक मोबाईल नवरा, बायको आणि मुलगा असा तिघांच्या हातांतून फिरतो. 'तुमच्या एचआयव्हीच्या गोळीची वेळ झाली' असा निरोप सासूच्या हातीं पडला तर त्या सुनेचें काय होईल हें सांगावयास नको. म्हणून निरोपांत रोगाचें नांव नसावें, रुग्णांचे गट करूं नयेत, कोणाचें छायाचित्र घेऊं नये, आणि जो विचारील त्यालाच उत्तर जावें. ज्यांच्या हातीं ही माहिती येते त्यांनीं ती जिवापाड सांभाळावी. परंतु ध्यानांत घ्या, गुप्तता राखावयाची ती माणसाची, ज्ञानाची नव्हे. आपण नेमकें उलट करतों. माणूस चव्हाट्यावर आणतों आणि ज्ञान झांकून ठेवतों. २०१७ सालीं संसदेनें केलेला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आलेला कायदा या बाबतींत संदिग्ध नाहीं. बाधित माणसाला नोकरींत वा घर देण्यांत अन्यायानें वेगळें वागविणें त्यानें निषिद्ध केलें आहे. आणि ज्यायोगें अशा माणसाच्या वांट्याला द्वेष वा भेदभाव येण्याचा संभव आहे असा मजकूर पसरविणारास तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. मोबाईलवर बोट टेकवून चित्र पुढें धाडणाऱ्या किती सद्गृहस्थांना हें माहीत आहे?

आणखी एक गोष्ट. मोबाईलवरील निरोप म्हणजे दाराची वाट दाखविणारी पाटी. दारच बंद असेल तर पाटीचा उपयोग काय? तृतीयपंथी लोकांसाठीं पुणें, कल्याण आणि हैदराबाद येथें चालणारे 'मित्र' दवाखाने जानेवारी २०२५ मध्यें अमेरिकेची मदत एकाएकीं थांबल्यामुळें बंद पडले. ज्यांना इतर दवाखान्यांत तुच्छतेचीच वागणूक मिळे, त्यांना येथें मानानें तपासलें जाई. परक्यांच्या दानावर चालणारें आरोग्य असें एका रात्रींत आटतें. भोसरीला १९९२ सालीं राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. आतां तिचें नांव बदललें आहे, पण लोणावळ्याहून लोकलनें कासारवाडीस उतरलें तर ती आजहि लांब नाहीं. ज्या जिल्ह्यांत देशाचें संशोधन चालतें, त्याच जिल्ह्यांत एका स्वयंपाकिणीला भांड्यांवरून घरें गमवावीं लागावीं, ही लाज संशोधकांची नव्हे. त्यांचें ज्ञान चार ओळींत मराठींत न मांडणाऱ्या आम्हां लिहित्या-वाचत्यांची आहे.

मग करावें काय? मोठ्या योजना मला सुचत नाहींत आणि सुचल्या तरी त्या सुचविण्याचा अधिकार माझा नाहीं. पण प्रत्येक वसाहतीच्या गटांत एक तरी डॉक्टर असतो. त्यानें वर्षांतून एकदां नव्हे, तर अफवा येईल त्या त्या वेळीं, स्वतःच्या नांवानें उत्तर लिहावें. गटचालकानें पुसावयाचेंच असेल तर आधीं कोणाचें कार्ड, अहवाल, छायाचित्र पुसावें. महाविद्यालयांत आम्हीं प्रवेशाच्या पहिल्याच दिवशीं १०९७ हा क्रमांक फळ्यावर लिहावा. त्याला ना परवानगी लागते ना निधि. आणि आईबापांनीं, ज्यांना मुलांच्या कानीं हे शब्द पडूं नयेत असें वाटतें त्यांनीं, एवढेंच लक्षांत घ्यावें कीं मुलांच्या हातीं मोबाईल त्यांनींच दिला आहे. त्यावर रोग मुळासकट घालविण्याची हमी देणारे भोंदू रात्रंदिवस बोलत आहेत. घरांतल्या वडील माणसांनींच तेवढें मौन धरलें आहे.

ती बाई आमच्या घरीं अजून स्वयंपाक करते. पांच घरांपैकीं दोन राहिलीं. त्यांतलें एक आमचें. सुटलेल्या तीन घरांचा पैसा तिच्या मुलीच्या शिकवणीला जात असे, ती शिकवणी बंद झाली. मीं तिची क्षमा मागितली, तेव्हां ती म्हणाली, "सर, तुम्हीं लिहिलेलं मला कोणी दाखवलंच नाही." तिला तें कोण दाखविणार? तें दहा मिनिटांत पुसलें गेलें होतें. तिचें कार्ड मात्र अजून कोणाकोणाच्या मोबाईलमध्यें असेल. म्हणून तीं चार वाक्यें मीं येथें पुन्हां लिहिलीं आहेत. ज्यांना पटतील त्यांनीं तीं आपापल्या गटावर उतरून घालावीं, आणि कोणी पुसलीं तर पुन्हां घालावीं.